आईचा रात्रभराचा ईईजी

आईच्या अल्झायमरचं निदान होऊन दोन वर्षं झाली होती. गेल्या श्रावणात मात्र वेगळंच दिसू लागलं. मेथी निवडताना तिचा हात मध्येच थांबायचा, नजर एका जागी खिळायची, ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलायचे. मिनिटाभराने पुन्हा सुरू, पण पानं कचऱ्यात आणि देठं पातेल्यात. एका डॉक्टरांनी "या आजारात असं चालायचंच" म्हणून विषय संपवला. मला ते पटलं नाही.

मी मोबाइलवर तीन-चार वेळा शूटिंग केलं आणि दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टना दाखवलं. फिट म्हणजे हातपाय झाडणं, तोंडाला फेस, एवढंच मला ठाऊक. मॅडम म्हणाल्या, हीही फिटच असू शकते. अल्झायमरमध्ये पेशी मरतातच, पण आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पसमधल्या काही पेशी उलट नको इतक्या पेटून उठतात.

पहिला अर्ध्या तासाचा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, नॉर्मल आला. मी तिथेच थांबले असते. पण स्पाइक, म्हणजे अशा पेटलेल्या पेशींच्या टोकदार लहरी, बऱ्याचदा झोपेतच सापडतात, म्हणून मॅडमनी रात्रभराचा करायला लावला.

केस शाम्पूने धुवायचे, तेल लावायचं नाही. आई खोबरेलाची वाटी घेऊन माझ्या मागे! टेक्निशियनने टेपने डोकं मोजलं, लाल पेन्सिलने खुणा केल्या, पेस्ट लावून एकेक वायर चिकटवली. ती वायरी ओढायला लागली. "आई, वेणी घालतायत तुझी," म्हटल्यावर मान ताठ करून बसली. रात्रभर मी तिचे दोन्ही हात धरून होते.

डाव्या टेम्पोरल (कानशिलाजवळच्या) भागात स्पाइक निघाले. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बघून लेव्हेटिरॅसिटॅम हे फिटचं औषध अगदी थोड्या डोसने सुरू केलं. मॅडमनी 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, याच औषधाच्या अमेरिकेतल्या चाचणीबद्दल सांगितलं: 34 रुग्ण, 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चार आठवडे. सरसकट सगळ्यांना फायदा दिसला नाही. ज्यांच्या मेंदूत असे छुपे स्पाइक होते, त्यांची जागा-रस्ते लक्षात ठेवण्याची क्षमता सुधारली. म्हणूनच आधी तपासणी. अल्झायमर यानं थांबत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

पहिले दहा दिवस आई फार चिडायची, एकदा ताट भिरकावलं. त्याची कल्पना मला आधीच दिली होती, तरी रडू आलं. मग हळूहळू निवळलं. ते थांबणं महिनाभरात बंद झालं. नातवाचं नाव अजून आठवत नाही. परवा मेथीची जुडी समोर ठेवली, तर एक देठ मोडून बघत म्हणाली, "निबर आहे गं. कुणाकडून आणलीस?"