निळ्या शब्दांपाशी

आज सकाळी एका न्यायालयीन निकालाची सविस्तर बातमी वाचायला घेतली आणि तिसऱ्या परिच्छेदापर्यंत येतो न येतो तोच पाच टॅब उघडून झाले होते. मूळ बातमीकडे परतलो तेव्हा वादीचे म्हणणे नेमके काय होते, तेच आठवेना. पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचावे लागले.

वाक्याच्या मधोमध अधोरेखित निळे शब्द आले की नजर तिथे थबकते. लिंक उघडली नाही तरी ‘उघडावी की नको’ हा लहानसा निर्णय मनाला घ्यावाच लागतो, आणि तेवढ्या अवधीत वाक्याचा पूर्वार्ध निसटून जातो. हायपरटेक्स्टवरील, म्हणजे लिंकने जोडलेल्या मजकुरावरील, संशोधनाचा २००७ मध्ये घेतलेला एक आढावा मी वाचला आहे. अशा निर्णयांमुळे वाचकाच्या मनावरील भार वाढतो आणि आकलन उणावू शकते, असेच त्यात म्हटले आहे.

तरीही लिंकच नकोत, असे मला म्हणवत नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधनसंस्थेत वेबचा प्रस्ताव मांडला, तो माणसे बदलली की माहिती हरवते या अडचणीतून. कागद एकमेकांना जोडलेले राहावेत, हा त्यामागचा हेतू होता. निकालाच्या प्रतीकडे नेणारी लिंक हा हेतू पाळते आणि बातमीदाराचे म्हणणे पडताळून पाहण्याचा वाचकाचा हक्क जपते. सकाळच्या बातमीत मात्र अशी लिंक एकच होती. बाकीच्या, न्यायालयाच्या नावावरची असो वा शहराच्या, त्याच संकेतस्थळावरील जुन्या बातम्यांच्या याद्यांकडे नेत होत्या, आणि दर दोन परिच्छेदांनंतर ‘हेही वाचा’ची चौकट होतीच. वाचकाला समजावे म्हणून नव्हे, तर त्याने तिथेच फिरत राहावे म्हणून केलेली ही पेरणी मला मनापासून खटकते.

शिवाय लिंक टिकतातच असे नाही. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधनसंस्थेच्या २०२४ मधील अहवालानुसार, तपासलेल्या बातम्यांच्या पानांपैकी २३ टक्के पानांवर किमान एक लिंक तुटलेली होती.

रात्री तीच बातमी, एकही लिंक न उघडता, शेवटपर्यंत वाचली आणि मग फक्त निकालाची प्रत उघडली. बातमीत एका ओळीत सांगितलेल्या आदेशाला तिथे एक अट जोडलेली होती. ती मी वहीत उतरवून ठेवली आहे.