पोस्टकार्डाने अडवलेला उजेड

पदवीच्या वर्गाला प्रकाशाचे तरंगरूप मी नेहमी तळ्याच्या उदाहरणाने सांगते. शांत पाण्यात शेजारी शेजारी दोन खडे टाकले की दोन्हींची वलये एकमेकांतून जातात. उंचवट्यावर उंचवटा आला की पाणी दुप्पट उचलले जाते आणि उंचवट्यावर खळगा आला की तिथे ते हलतच नाही. मुले माना डोलावतात, आकृती वहीत उतरते आणि विषय संपतो. परवाच्या प्रॅक्टिकलला तो संपला नाही.

प्रयोग बायप्रिझमचा होता, म्हणजे एकाच फटीतून आलेल्या उजेडाचे दोन झोत करून ते एकमेकांवर पाडणाऱ्या काचेच्या लोलकाचा. सोडिअमचा दिवा गुलाबीवरून पूर्ण पिवळा व्हायला काही मिनिटे घेतो, पण खरी कसोटी त्यानंतरची. स्लिट, म्हणजे उजेड येण्याची फट, अगदी अरुंद हवी, बायप्रिझमची धार तिला तंतोतंत समांतर हवी. मग स्क्रू किंचित फिरवताना आयपीसमधला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातला, पिवळा धूसरपणा एका क्षणी उभ्या काळ्या-पिवळ्या रेघांत फुटतो. आयपीस मागे नेताना त्या रेघा बाजूला सरकू लागल्या, तर बायप्रिझम आडवा हलवून ते सरकणे घालवावे लागते. हे चिकाटीने साधणारी मुले आता थोडी, कारण गुण मिळतात ते ५८९ नॅनोमीटर या उत्तराला, म्हणजे या पिवळ्या उजेडाच्या तरंगलांबीला, आणि ते जुन्या जर्नलमध्ये, आधीच्या मुलांच्या प्रयोगवहीत, तयारच असते. ही पद्धत मला मनापासून खटकते.

एका विद्यार्थिनीने मात्र रेघा जुळल्यावर रीडिंग घेण्याऐवजी पोस्टकार्डाने बायप्रिझमचा अर्धा भाग झाकला. रेघा गेल्या आणि सगळीकडे सारखा पिवळा उजेड उरला. तिने मला बोलावून विचारले, "मॅडम, मी उजेड अडवला, मग काळ्या रेघांच्या जागी उजेड आला कुठून?"

प्रकाश तरंगरूप आहे असे मांडणारे इंग्रज शास्त्रज्ञ टॉमस यंग यांनी १८०३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे जे मांडले, त्याचा गाभा हाच होता. सूर्यप्रकाशाच्या झोतात इंचाच्या सुमारे तिसाव्या भागाएवढी रुंद कार्डाची पट्टी धरली असता तिच्या सावलीत पट्टे दिसत आणि एका बाजूचा प्रकाश अडवताच ते नाहीसे होत. मी तिला हे सांगितले, तळ्याचीही आठवण करून दिली. तिने लगेच पुढचे विचारले, "पण दोन्हीकडून उजेड येत असताना त्या काळ्या जागेची ऊर्जा जाते कुठे?"

ती शेजारच्या पिवळ्या रेघेत जाते. दोन समान तरंग तिथे जुळल्यावर तीव्रता एका तरंगाच्या दुप्पट नव्हे, चौपट होते, आणि काळ्या-पिवळ्या रेघांची सरासरी बरोबर दुप्पट, म्हणजे दोन तरंगांच्या बेरजेइतकीच भरते. गणित तिला पटले. मी मात्र अजून तळ्यापाशी अडले आहे. पाण्याचे उचंबळणे डोळ्यांना दिसते, तर या पिवळ्या प्रकाशात सेकंदाला सुमारे ५ लाख अब्ज आंदोलने होतात आणि डोळ्याला जाणवते ती केवळ त्यांची सरासरी तीव्रता. उंची दुप्पट झाली की ऊर्जा चौपट होते, हे खड्यांच्या उदाहरणात मुलांना आपणहून कधी सुचत नाही आणि मीही ते आजवर तिथे सांगत नव्हते. पुढच्या तुकडीला तळे सांगण्याआधी पोस्टकार्ड हातात द्यावे, असे आता वाटू लागले आहे.