पॅडल फळीला टेकलं होतं, पण गाडी आमच्याकडे आली तेव्हा ब्रेक ओके होता

बारा वर्षं मालाच्या गाड्यांच्या ब्रेकची कामं करतोय, पण ही केस डोक्यातून जात नाही. दुपारी एक डिलिव्हरी ट्रक टो करून आणला, सोबत ड्रायव्हर काका आणि त्यांचा सुपरवायझर. काका सांगत होते, लांब उतार, गाडी फुल लोड, अर्ध्यात पॅडल मऊ लागायला लागलं आणि वळणाच्या आधी थेट फळीला टेकलं, मग गिअर पाडत पाडत सेकंडला आणला, हँडब्रेक ओढला तर तोही जेमतेम धरतोय, शेवटी डावीकडच्या मातीच्या बांधाला चाकं घासत गाडी थांबवली. सांगताना हात थरथरत होते त्यांचे.

सुपरवायझरने पॅडल दाबून बघितलं, कडक. "दादा, तुम्हीच बघा, ब्रेक मस्त आहे, काकांचा डोळा लागला असणार." मी दाबलं, खरंच कडक. लीक नाही, ऑइलची लेव्हल बरोबर. काका गप्प उभे होते, ते मला बघवेना, म्हटलं आधी चारही चाकं खोलतो मग बोलू.

पुढच्या डिस्क तापून निळ्या पडलेल्या, पॅड कडेने जळून ठिसूळ झालेले. मागचा ड्रम काढला तर लायनर, म्हणजे ब्रेक दाबला की ड्रमला आतून घासणारा पट्टा, जवळपास नवा! सुपरवायझर खूश झाला, म्हणे मेंटेनन्स बघा आमचा. मला मात्र तिथेच धस्स झालं, कारण दिवसभर थांबत थांबत चालणाऱ्या गाडीचा लायनर झिजतच नाही म्हणजे तो ड्रमला लागतच नाहीये. ड्रमच्या आत चकाकी हवी तिथे गंजाचा थर. लायनर ड्रमकडे ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबर बोटाने मागे सारलं तर ओली लालसर पूड बाहेर आली, पिस्टन जाम. दुसऱ्या बाजूला पण तेच. म्हणजे एवढा लोड पुढची दोन चाकंच थांबवत होती.

मग पुढच्या निपलला, म्हणजे ऑइल काढायच्या तोटीला, नळी लावून ऑइल बाटलीत काढलं. कोऱ्या चहासारखं, खाली काळा गाळ. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. डॉट 3 हा ब्रेक ऑइलचा प्रकार नवीन असताना निदान 205 डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की 140 च्या आसपासच उकळायला लागतं. उतारावर ते उकळलं, वाफ झाली, ऑइल दाबलं जात नाही पण वाफ दाबली जाते, म्हणून पॅडल खाली. टो होऊन येईपर्यंत सगळं थंड, वाफ विरली, पॅडल परत कडक. काका शब्दन् शब्द खरं बोलत होते.

रजिस्टर काढलं तर चार महिन्यांपूर्वी हीच गाडी आमच्याकडे आलेली, "पुढचे पॅड बदलले, ऑइल टॉप-अप", खाली सही माझी. त्याच वर्षातले ते दुसरे पॅड होते. पुढचे पॅड इतक्या लवकर का संपतायत म्हणून मागचं चाक खोलायला हवं होतं, नाही खोललं, आणि टॉप-अप म्हणजे जुन्या पाण्यातच नवीन ऑइल ओतणं हे मला तेव्हाही माहीत होतं. सुपरवायझरसमोरच हे काकांना सांगितलं, माफी मागितली.

सिलिंडर नवे टाकले, सगळं ऑइल बदललं, नळ्यांतली एअर काढताना काकाच केबिनमध्ये बसून पॅडल मारत होते. कागदावर मी स्वच्छ लिहून दिलं, ऑइल उकळून ब्रेक गेला, ड्रायव्हरची चूक नाही. काकांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, ती काळ्या ऑइलची बाटली पण द्या, ऑफिसात टेबलावर ठेवतो.