दोन स्विच, एक स्टॅक, चार व्हीलॅन: इथवर आलोय

मागच्या खेपेला दोन सेकंडहँड सिस्को ३७५० (नेटवर्कच्या केबल जोडायचे स्विच) रॅकमध्ये बसवून थांबलो होतो. आता स्टॅक (दोन स्विच जोडून एकच असल्यासारखे चालवायची जोडी) उभा आहे, व्हीलॅन (त्याच स्विचवरची वेगवेगळी आभासी नेटवर्क) पडले आहेत, आणि मी दोनदा स्वतःलाच नेटवर्कबाहेर कोंडून घेऊन झालं आहे.

स्टॅकची सुरुवात उलटी झाली. दोन्हींचा मेंबर नंबर (स्टॅकमधला क्रमांक) १ आणि मास्टर म्हणजे स्टॅकचा कारभारी निवडताना बघायची प्रायॉरिटीही १, म्हणजे मूळचीच. खालचा मास्टर झाला, वरच्याला २ नंबर मिळाला. वरच्या खोक्यात केबल लावायची आणि कमांडमध्ये २/०/५ (पहिला आकडा मेंबर नंबर, शेवटचा पोर्ट) लिहायचं, यात डोकं गरगरतं. प्रायॉरिटी १५ केली तरी चालू मास्टर खुर्ची सोडत नाही, पुढच्या निवडीपर्यंत वाट बघायची. आणि मास्टर बदलला तरी मेंबर नंबर आपोआप बदलत नाहीच. शेवटी रीनंबर वगैरे भानगड न करता स्क्रू काढले आणि खोक्यांचीच अदलाबदल केली. हसा खुशाल.

एक सावधगिरी: राईट इरेज (सेव्ह केलेली सेटिंग पुसणारी कमांड) करूनही आधीच्या मालकाचे व्हीलॅन शिल्लक राहिले होते. ते फ्लॅशमधल्या व्हीलॅन डॉट डॅट या वेगळ्या फाइलमध्ये असतात. जुना स्विच घेतला की ती फाइल आधी उडवा.

व्हीलॅन चार: १० घरचा, २० कॅमेरे, ४० पाहुणे, ९९ मॅनेजमेंट. १ रिकामाच ठेवला. डेटावर व्हीलॅनचा नंबर लिहिणाऱ्या टॅगमध्ये आयडीला १२ बिट असतात, त्यामुळे ४०९४ पर्यंत वाव आहे. मला चारच झेपतात. स्टॅकचं सुख असं की व्हीलॅन एकदा बनवला की दोन्ही खोक्यांत असतो, मध्ये ट्रंक (अनेक व्हीलॅन एकाच केबलवरून नेणारा दुवा) ओढायची गरज नाही. स्टॅक केबल ते काम पाहते.

ट्रंक लागते ती वायफायच्या अ‍ॅक्सेस पॉइंटकडे. तिथे १०, २० आणि ९९ चालू होते, ४० घालायचा होता. मी वायफायवर बसूनच टाइप केलं, ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ४०’. ‘अ‍ॅड’ राहिलं. जुनी यादी पुसली गेली, एकटा ४० उरला, लॅपटॉप गप्प. कन्सोल केबल (नेटवर्कशिवाय थेट स्विचला जोडायची) शोधण्यात अर्धा तास गेला. तेव्हापासून असं काही करण्याआधी ‘रीलोड इन १०’ (दहा मिनिटांनी रीबूट हो) मारतो आणि सगळं ठीक झाल्याशिवाय सेव्ह करत नाही. दुसऱ्यांदा कोंडला गेलो तेव्हा स्टॅक आपणहून रीबूट होऊन पूर्वपदावर आला.

खरा धडा मात्र पुढे होता. चारही व्हीलॅनना एसव्हीआय (स्विचवरचं त्या व्हीलॅनचं आयपी पत्त्याचं तोंड) देऊन ‘आयपी राउटिंग’ (एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात वाहतूक) चालू केलं आणि समाधानाने कॅमेऱ्याच्या पोर्टला लॅपटॉप लावून घरच्या एनएएसला (नेटवर्कवर फाइल साठवणारा डबा) पिंग केलं. उत्तर आलं! व्हीलॅनने भिंत घातली होती, राउटिंगने मीच तिला दार पाडलं होतं. म्हणून २० च्या एसव्हीआयवर ‘इन’ दिशेने एसीएल (काय जाऊ द्यायचं, काय अडवायचं याची यादी): १० कडे जाणारं बंद, बाकी खुलं. ‘इन’ म्हणजे कॅमेऱ्यांकडून स्विचमध्ये येणारं. हे मी पहिल्यांदा उलटं लावलं होतं.

त्यावर नवं दुखणं: घरून कॅमेरे दिसेनात. ही एसीएल संभाषण लक्षात ठेवत नाही, कॅमेऱ्याचं उत्तरही तिला घुसखोरच वाटतं. बंदीच्या ओळीच्या वर टीसीपीसाठी (आधी जोडणी करून मग डेटा पाठवायची पद्धत) ‘एस्टॅब्लिश्ड’, म्हणजे आधीच सुरू असलेल्या जोडणीला वाट द्या, असं टाकल्यावर कॅमेऱ्याचं पान उघडलं, पण व्हिडिओ काळाच. तो यूडीपीवरून (जोडणी न करताच डेटा पाठवायची पद्धत) येत होता. प्लेयरमध्ये आरटीएसपी (कॅमेऱ्याकडून व्हिडिओ मागवायची पद्धत) टीसीपीवर घेतलं आणि अंगणातलं मांजर दिसलं.

पाहुण्यांसाठी अशीच एसीएल अजून लिहायची आहे. मग एनएएसला प्रत्येक स्विचमधून एकेक केबल देऊन एलएसीपी (दोन केबल एकच दुवा म्हणून चालवायची पद्धत) बांधेन आणि कॉपी चालू असताना एका खोक्याची वीज काढून पाहीन. कन्सोल केबल आता रॅकलाच बांधून ठेवली आहे.