ब्राउझरने प्लगइन अडवलं? आधी कशासाठी अडवलंय ते ओळखा

पान उघडतं, पण जिथे कॅमेऱ्याचं चित्र किंवा जुन्या सर्व्हरचा कन्सोल (त्याचं नियंत्रण करायचा पडदा) दिसायला हवा तिथे नुसता राखाडी चौकोन. सोबत असुरक्षित प्लगइन अडवल्याची सूचना, किंवा ते चालतच नसल्याची. लगेच सेटिंग्जमध्ये शिरून सुरक्षा कमी करू नका. सूचना सारख्याच दिसल्या तरी त्यामागची कारणं वेगळी असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो.

ब्राउझर एवढा कडक का, हे थोडक्यात सांगतो. पानातलं जावास्क्रिप्ट ब्राउझरच्या बंदिस्त चौकटीत चालतं, त्याला तुमच्या फाइलींना थेट हात लावता येत नाही. जुन्या पद्धतीचं प्लगइन मात्र संगणकावर बसवलेला स्वतंत्र प्रोग्राम असतो आणि तो बहुधा तुमच्या खात्याचे सगळे अधिकार घेऊन चालतो. त्यात भोक असलं, तर नुसतं एक पान उघडल्यानेही बाहेरचा कोड यंत्रात येऊ शकतो. जानेवारी २०१३मध्ये जावाच्या अशाच एका त्रुटीचा गैरवापर सुरू झाला, तेव्हा फायरफॉक्स बनवणारी मोझिला आणि अ‍ॅपल या दोघांनीही जावा प्लगइन आपल्या बाजूने अडवलं होतं. जुलै २०१५मध्ये फायरफॉक्सने फ्लॅशच्या (पानातले व्हिडिओ आणि गेम चालवणाऱ्या प्लगइनच्या) सदोष आवृत्त्या अडवल्या, त्याही याच कारणासाठी.

आता निदान. आजचा क्रोम किंवा फायरफॉक्स असेल, तर प्लगइन अद्ययावत करून काहीच होणार नाही, कारण ते बसवायची खाचच उरलेली नाही. क्रोमने एनपीएपीआय (ब्राउझरला प्लगइन जोडायची जुनी पद्धत) प्लगइनचा आधार सप्टेंबर २०१५मध्ये, ४५व्या आवृत्तीत पूर्ण काढला. फायरफॉक्सने मार्च २०१७च्या ५२व्या आवृत्तीपासून फ्लॅश सोडून बाकी सगळी प्लगइन बंद केली आणि जानेवारी २०२१मध्ये ८५व्या आवृत्तीत फ्लॅशही काढलं. म्हणूनच आज एखादं पान ‘तुमचा फ्लॅश प्लेअर जुना झालाय, इथून नवा उतरवा’ म्हणत असेल, तर ती फसवणूक आहे असंच समजा आणि टॅब बंद करा. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार थांबवला. त्यानंतर नवी सार्वजनिक आवृत्ती आलेली नाही.

फ्लॅशच्या शेवटच्या आवृत्त्यांमध्ये १२ जानेवारी २०२१नंतर काहीही चालू न देण्याची सोय आतच केलेली आहे. काहीजण ती अट चुकवण्यासाठी संगणकाची तारीख मागे नेतात. मग एचटीटीपीएसची प्रमाणपत्रं ‘अजून लागू झालेली नाहीत’ असं दाखवू लागतात आणि निम्म्या साइट बंद पडतात. जुन्या एसडब्ल्यूएफ (फ्लॅशच्या) फाइलींसाठी रफल वापरा. तो प्लगइन नसून फ्लॅशची नक्कल करणारा प्रोग्राम आहे आणि ब्राउझरच्या बंदिस्त चौकटीतच चालतो. अ‍ॅक्शनस्क्रिप्ट (फ्लॅशची प्रोग्रामिंग भाषा) १ आणि २मधलं बरंचसं काम तो नीट चालवतो. ३मधल्या गुंतागुंतीच्या फाइली अडखळू शकतात, तेव्हा आधी चाचणी घ्या.

जुना डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र) किंवा कॅमेरा अ‍ॅक्टिव्हएक्स (इंटरनेट एक्सप्लोररसाठीचं प्लगइन) मागत असेल, तर आधी प्लगइन टाळता येतं का ते बघा. अनेक यंत्रं आरटीएसपीने (नेटवर्कवरून थेट चित्र पाठवायच्या पद्धतीने) चित्र देतात. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये कंट्रोल आणि एन दाबून यंत्राचा पत्ता टाका. पोर्ट बहुधा ५५४ असतो, पुढचा मार्ग मात्र कंपनीगणिक बदलतो, तो माहितीपुस्तिकेत मिळेल. नुसतं चित्र पाहायचं असेल तर काम इथेच संपतं.

सेटिंग बदलण्यासाठी पानच उघडायला हवं असेल, तर विंडोजवर एजचा इंटरनेट एक्सप्लोरर मोड आहे. सेटिंग्जमध्ये डिफॉल्ट ब्राउझर या भागात जाऊन हा मोड ‘अलाऊ’ करा, ब्राउझर पुन्हा सुरू करा आणि खालच्या यादीत फक्त त्या यंत्राचा पत्ता घाला. ही नोंद ३० दिवसांनी आपोआप संपते. महिन्याभराने पान अचानक चालेनासं झालं, तर पहिल्यांदा हेच तपासा.

तरीही अ‍ॅक्टिव्हएक्स अडत असेल, तर कंट्रोल पॅनेलमधल्या इंटरनेट ऑप्शन्समध्ये सिक्युरिटी टॅबवर ‘ट्रस्टेड साइट्स’ निवडून तोच एक पत्ता घाला. यंत्र साध्या एचटीटीपीवर असेल तर खालची सर्व्हर पडताळणीची खूण काढावी लागते, नाहीतर पत्ता स्वीकारलाच जात नाही. स्वाक्षरी (बनवणाऱ्याची डिजिटल सही) नसलेलं अ‍ॅक्टिव्हएक्स उतरवायची मुभा द्यायची झाली, तर ती ‘ट्रस्टेड साइट्स’च्या या झोनमध्येच (साइटच्या गटात), ‘प्रॉम्प्ट’वर (दर वेळी विचारण्यावर) ठेवून, आणि काम झालं की परत ‘डिसेबल’. ‘इंटरनेट’ झोनला अजिबात हात लावू नका. तिथली सवलत जगातल्या प्रत्येक साइटला मिळते, आणि सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीने होतं.

जावाची तऱ्हा वेगळी. प्लगइन चालवणारा जुना ब्राउझर असला, तरी इथे अडवणारा पुष्कळदा ब्राउझर नसून जावा स्वतःच असतो. जानेवारी २०१४च्या जावा ७ अपडेट ५१पासून स्वाक्षरी नसलेले किंवा स्वतःच सही केलेले अ‍ॅपलेट (पानात चालणारे छोटे जावा प्रोग्राम) मूळ सेटिंगवर चालत नाहीत. जावा ८ अपडेट १३१पासून एमडी५ या जुन्या, कमकुवत पद्धतीने सही केलेल्या जार फाइली (जावा प्रोग्रामची गाठोडी) सही नसलेल्याच धरल्या जातात. त्यामुळे वर्षानुवर्षं चाललेला कन्सोल एका अपडेटनंतर बंद पडलेला दिसतो. जावा कंट्रोल पॅनेलच्या सिक्युरिटी टॅबवर ‘एक्सेप्शन साइट लिस्ट’ आहे. तिथे पत्ता एचटीटीपी किंवा एचटीटीपीएससकट पूर्ण लिहा. पोर्ट नेहमीचा नसेल तर तोही लिहा. यादीत पत्ता असूनही अडत असेल, तर बहुतेक वेळा पोर्टच राहिलेला असतो. पानावरून जेएनएलपी फाइल (जावा प्रोग्राम ब्राउझरबाहेर सुरू करणारी) उतरत असेल, तर ती ओपनवेबस्टार्ट या प्रोग्रामने उघडून पाहा. त्यात ब्राउझरचा संबंधच उरत नाही.

यातलं काहीच लागू पडलं नाही, तर जुना ब्राउझर वापरावा लागेल, पण रोजच्या यंत्रावर नको. आभासी यंत्रात (संगणकातच चालणाऱ्या वेगळ्या, नकली संगणकात) फायरफॉक्स ५२ ईएसआर (दीर्घकाळ आधार मिळालेली आवृत्ती) आणि हवं ते प्लगइन बसवा, स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या स्थितीची प्रत) घ्या, आणि त्याचं नेटवर्क फक्त त्या एका उपकरणापर्यंत पोचेल असं बांधा. इंटरनेट बंद, सामायिक फोल्डर बंद, क्लिपबोर्डची देवाणघेवाणही बंद. दर वेळी काम झालं की स्नॅपशॉटवर परत या.