साठ अंशांची ती तिरकी रेषा

एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी मी पीसी-एबीएस निवडलं. पॉलीकार्बोनेट आणि एबीएस या दोन प्लास्टिकचं हे मिश्रण गाड्यांच्या डॅशबोर्डमध्ये भरपूर वापरतात, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा डॅशबोर्ड किती तापतो हे सांगायला नकोच. तापमान आणि ओढण्याचा वेग बदलला की यील्ड स्ट्रेस, म्हणजे ज्या ताणाला प्लास्टिक कायमचं ताणलं जायला लागतं तो ताण, किती बदलतो, हे एका समीकरणात बसवायचं होतं.

दाणे ओव्हनमध्ये चार तास वाळवून डंबेलच्या आकाराचे नमुने मोल्ड केले: लांबी 165 मिलिमीटर, जाडी 3.2. तापमानं 25, 40 आणि 60 अंश. वेग मिनिटाला 5, 50 आणि 500 मिलिमीटर. मॉडेल आयरिंगचं घेतलं. त्यात यील्ड स्ट्रेस भागिले केल्विनमधलं तापमान एका अक्षावर आणि स्ट्रेन रेटचा, म्हणजे नमुना ताणला जाण्याच्या वेगाचा, लॉगॅरिदम दुसऱ्यावर घेतला, की प्रत्येक तापमानाची एक सरळ रेषा मिळते. आतली रेणूंची प्रक्रिया एकच असेल, तर या रेषा समांतर येतात.

माझ्या आल्या नाहीत. 60 अंशांची रेषा 25 च्या रेषेपेक्षा स्पष्टच जास्त चढी होती. दोन प्रक्रिया धरणारं री-आयरिंग मॉडेल लावलं, तर बिंदू छान जुळले. मी खूश होऊन सरांकडे गेले. सरांनी आलेख पाहिला आणि एवढंच विचारलं, "अगं, दुसरी प्रक्रिया थंडीत आणि जास्त वेगाला दिसायला हवी. 25 ला नाही आणि 60 ला आहे, असं कसं?"

दोन दिवस मी समीकरणातच चूक शोधत होते. शेवटी एका जादा नमुन्याला मधोमध बारीक भोक पाडून त्यात थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, बसवलं आणि तो मशीनच्या तापवलेल्या चेंबरमध्ये पकडला. डिस्प्लेवर 60 अंश होते. दार लावून तीन मिनिटं झाली, तेव्हा नमुना 51 वर होता. मी सगळ्या चाचण्या तीनच मिनिटं थांबून केल्या होत्या!

मग सगळा उलगडा झाला. 5 च्या वेगाला यील्ड यायला जवळपास मिनिट लागतं, तेवढ्यात नमुना आणखी तापतो. 500 ला सेकंदाच्या आत यील्ड येतं, म्हणजे नमुना थंडच असताना ओढला जातो आणि जास्त ताण दाखवतो. तापमानाची चूक वेगाचा परिणाम बनून रेषेत शिरली होती. मॉडेल किती छान जुळलं यावर मी एवढी विसंबले, याचं मला अजून वाईट वाटतं.

60 चे सगळे नमुने पुन्हा केले, या वेळी प्रत्येकी पंधरा मिनिटं थांबून. रेषा समांतर आल्या. 500 च्या वेगाला यील्डनंतरचा भाग मात्र मी मॉडेलमधून वगळला. 25 अंशांच्या चाचणीत मशीन थांबवून लगेच हात लावला, तर नमुन्याची निमुळती झालेली जागा कोमट लागत होती. एवढ्या वेगाला आत तयार होणारी उष्णता बाहेर जायला वेळच मिळत नाही, त्यामुळे तिथे तापमान स्थिर धरणं चूकच.

40 अंशांच्या चाचण्या शेवटी ठेवल्या होत्या. 50 च्या वेगासाठी मॉडेलने सांगितलं होतं 49 मेगापास्कल. आला 48.6. मी तो आकडा वहीत लिहिला, शेजारी पंधरा मिनिटांची वेळ लिहिली आणि पुढचा नमुना चेंबरमध्ये लावला.