प्रिडमोरची स्टिक: पाचवा हूक वाकला

रविवारी रात्री साच्याचे क्लँप सोडले आणि बॅटरीच्या उजेडात हॉकी स्टिकच्या हूकची, म्हणजे खालच्या वाकवलेल्या टोकाची, बाहेरची कड बोटाने तीनदा चाचपली. चीर नाही, उठलेला तंतूही नाही. पाचवा हूक शाबूत आहे! चौथा फुटला तेव्हा इथे जे वैतागून लिहिलं होतं ते ज्यांनी वाचलंय, त्यांना हे पहिलं सांगायचं होतं.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हॉकीत इंग्लंडचा लेफ्ट-इन (डावीकडचा आतला आक्रमक) म्हणून खेळलेल्या रेजी प्रिडमोरच्या हातात जशी स्टिक असेल, तशी मी बनवतोय. म्हणजे ॲश या झाडाच्या लाकडाचा लांब हूक, वेताचा दांडा, दोन्हींमध्ये पाचरीचा सांधा आणि वरून मेण लावलेल्या सुताची आवळण. इंग्लंडचे विजय असे: २९ ऑक्टोबरला फ्रान्सवर १०-१, ३०ला स्कॉटलंडवर ६-१, ३१ला अंतिम सामन्यात आयर्लंडवर ८-१. तीन दिवसांत तीन सामने आणि त्यांत प्रिडमोरचे दहा गोल, पैकी चार अंतिम सामन्यातले. ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यातला तो विक्रम मोडायला १९५२चं हेलसिंकी यावं लागलं. तिथे बलबीरसिंगांनी नेदरलँड्सवर पाच मारले. बलबीरसिंगांचे पाच आपल्याकडे पाठ असतात, पण ज्याचे चार त्यांनी मागे टाकले त्याचं नाव कुणी घेत नाही. माझी सुरुवात त्या खटकण्यातून झाली.

आता हूक. पहिले तीन का फुटले हे मला तिसऱ्यानंतर कळलं. इथल्या एका वखारीतून मी आयात केलेलं ॲश आणलं होतं. दिसायला देखणं, सरळ रेषांचं, रंध्याखाली लोण्यासारखं. वाकवण्याआधी लाकूड वाफवायचं गणित आपल्या सगळ्यांना माहीत आहे, जाडीच्या दर इंचाला तासभर. मी दीड इंचाला दीड तास दिला, मग पावणेदोन, मग दोन. प्रत्येक वेळी साच्यावर अर्ध्यापर्यंत छान वळायचं आणि मग बाहेरच्या कडेला कट्‌ असा आवाज. तो आवाज आता मला झोपेतही ओळखू येईल.

शेवटी तिसऱ्याचे तुकडे घेऊन गल्लीतल्या सुतारकाकांकडे गेलो. त्यांनी तुकडा नाकाशी नेला, कडेवर नख ओढलं आणि म्हणाले, "हे भट्टीत भाजून आलंय. आता ह्याला कितीही वाफ पाज, ते ऐकायचं नाही." बरोबर होतं त्यांचं. भट्टीत वाळवलेलं लाकूड फर्निचरला उत्तम, पण त्याचा ओलावा एकदा खाली गेला की वाकवण्याचा मऊपणा वाफेने पुरता परत येत नाही. वखारवाल्याला मी आधीच विचारलं होतं, हवेत वाळवलेलं आहे का म्हणून. त्याने मान डोलावली होती. यापुढे वाकवायच्या कामाला कुणी "सीझन्ड" (वाळवून तयार) म्हणून माल देऊ केला, तर कसा सीझन केला ते विचारा, आणि ओलावा मोजायचं मीटर खिशात ठेवा.

चौथा हूक हवेत वाळवलेल्या लाकडाचा होता, तरी फुटला. हा घाव खरा लागला, कारण आता दोष द्यायला भट्टी नव्हती. दोन दिवस मी त्याला हातही लावला नाही. तिसऱ्या दिवशी चीर भिंगाखाली धरली तेव्हा दिसलं की तंतू तिरपे जाऊन कडेला संपत होते. फळी करवतीने कापलेली होती. करवत तंतूंची वाट बघत नाही, स्वतःच्या रेषेने जाते. तंतू जिथे कडेवर तुटका संपतो, तिथेच वाकताना तोंड उघडतं.

मग कुलूकडे बदली झालेल्या मित्राला फोन केला. तिथे ॲश होतं, अवजारांच्या दांड्यांसाठी वापरतात. त्याने एका दुकानातून कुऱ्हाडीने उभे फाडलेले दोन ओंडके पाठवले. खडबडीत, एक तर थोडा पिळलेला. पण फाडलेलं लाकूड तंतूंच्या वाटेनेच फुटतं, त्यामुळे या टोकाचा तंतू त्या टोकापर्यंत अखंड. मीटर बावीस टक्के ओलावा दाखवत होतं. इतका आनंद मला गेल्या सहा महिन्यांत झाला नव्हता.

आणि पट्टी. लोखंडी पट्टी बाहेरच्या बाजूने घट्ट, दोन्ही टोकांना अडणी, म्हणजे लाकडाची टोकं सरकू न देणारे अडथळे. वाफाळलेलं लाकूड ताणलं तर शंभरात एक-दोन भाग ताणतं, मग फाटतं. दाबलं तर मात्र बरंच दबतं. अडणी असली की बाहेरची कड लांबूच शकत नाही, सगळा भार आतल्या बाजूच्या दबण्यावर जातो. हे मला माहीत होतं, तरी पहिल्या तिघांना मी नुसती पट्टी लावली, अडणी नाही. अडणीशिवाय पट्टीचा काहीही उपयोग नाही, हे ठामपणे सांगतो. वाफेच्या पाइपातून काढल्यापासून क्लँप आवळेपर्यंत वीस सेकंद लागले. भाच्याने दुसरं टोक धरलं होतं. नऊ दिवस साच्यात ठेवला. काढल्यावर थोडा उलगडला, पण साचा मुद्दाम जास्त वळणाचा केला होता, त्यामुळे हवा तिथेच थांबला.

रंधून झाल्यावर कडीची परीक्षा, म्हणजे हूक कडीतून पार जातो का ते बघायचं. दोन इंचांच्या आतल्या व्यासाची पितळी कडी टोकापासून सरकवत नेली, वळणापाशी किंचित अडखळली, कानसेचे चार हात मारले, आणि सुटली. तो खळ्‌कन आवाज मी भाच्याला तीनदा ऐकवला.

भाचा कॉलेजच्या संघात डाव्या बाजूनेच खेळतो. चौथा, तडकलेला हूक मी सुताने करकचून आवळून त्याला मैदानावर नुसता चालवायला दिला होता. बॉल म्हणजे पांढरा रंग दिलेला जुना क्रिकेटचा बॉल, तेव्हाही तशाच जातीचा असे. दहा मिनिटांत तो माझ्याकडे आला. "मामा, हा उलटा करून बॉल उचलताच येत नाही. टोक मातीत रुततं."

त्याच्या त्या एका वाक्याने प्रिडमोर मला पहिल्यांदा नीट दिसला. स्टिकची सपाट बाजू डावीकडे, खेळायचं फक्त तिनेच. म्हणजे उजवीकडून डावीकडे मारणं सोपं. पण लेफ्ट-इन डावीकडून गोलकडे येतो, गोल त्याच्या उजव्या हाताला. आखूड हूक असता तर मनगट फिरवून रिव्हर्सने भागलं असतं. इतक्या लांब हूकने ते जमत नाही. उरतात फक्त पाय. पळत येताना बॉलच्या डाव्या अंगाने वळसा घालायचा, छाती गोलकडे आणायची आणि मग मारायचं, तेही डीच्या, म्हणजे गोलसमोर आखलेल्या अर्धवर्तुळाच्या, आतून. भाच्याला मी हे वीस वेळा करायला लावलं. त्याला सहा वेळा जमलं, आणि समोर बचाव करणारं कुणी नव्हतं. अंतिम सामन्यातले चार गोल आता मला निव्वळ आकडा म्हणून वाचताच येत नाहीत.

वॉर्विकशरकडून १९०९ ते १९१२ तो प्रथम दर्जाचं क्रिकेटही खेळला. पोटापाण्याला शेअर दलाली. हॉकीतून एक पैसा मिळायचा नाही, अपेक्षाही नव्हती. मग युद्ध आलं. तोफखान्यात मेजर झाला, मिलिटरी क्रॉस मिळाला. १३ मार्च १९१८ला इटलीत पियावे नदीकाठी तो मारला गेला. जन्म २९ एप्रिल १८८६चा, म्हणजे बत्तिसावा वाढदिवस दीड महिन्यावर होता. जावेराच्या ब्रिटिश दफनभूमीत त्याला पुरलं आहे. त्याच्याच संघातला हाफबॅक जॉन रॉबिन्सन १९१६मध्ये मेसोपोटेमियातल्या जखमांनी गेला. सेंटर फॉरवर्ड शोव्हेलर मात्र वाचला आणि १९२०ला अँटवर्पमध्ये दुसरं सुवर्ण जिंकला. कानस मारताना हे मनात येतं आणि हात थांबतो. प्रिडमोर १९२०ला चौतीस वर्षांचा असता. शोव्हेलर तेव्हा एकोणचाळीसचा होता.

आता पुढचं. मूळ बेत असा होता की स्टिक पूर्ण करून काचेच्या पेटीत ठेवायची, खाली पितळी पाटीवर नाव आणि तारखा. हे लिहितालिहिताच तो बेत रद्द केला. भाच्याने त्या वीस फेऱ्या मारल्यानंतर पेटी मला पटत नाही. ही स्टिक खेळायची आहे. त्यामुळे सांधाही बदलावा लागेल. मी सरस वापरणार होतो, तोच त्या काळाला शोभतो, पण पुण्याच्या जुलैत सरस ओलावा धरतो आणि सांधा हलायला लागतो. पाचर जास्त लांब घ्यायची, सरसच ठेवायचा, आणि सुताची आवळण दुप्पट लांबीवर, असं ठरवतोय. इपॉक्सी हा रासायनिक गोंद मी लावणार नाही. पुन्हा कधी दांडा बदलावा लागला तर सांधा गरम पाण्याने सुटला पाहिजे.

दुसरं म्हणजे, दुसरा पिळलेला ओंडका मी प्रिडमोरसाठी राखून ठेवला होता. तोही आता नको. त्याऐवजी तुतीचा आखूड हूक करतो, आपल्याकडे पुढे रुळला तसा. तुतीला जितकं आवळून वळवता येतं तितकं ॲशला जमत नाही. मग तोच भाचा, तोच बॉल, डावीकडून त्याच वीस फेऱ्या, दोन्ही स्टिकांनी. किती वेळा वळसा लागला आणि किती वेळा मनगटाने भागलं ते मोजून इथे टाकतो.

तुतीचा बुंधा एका मित्राच्या बांधावर पडलेला आहे. शनिवारी कुऱ्हाड आणि पाचरी घेऊन जातोय. करवत घरीच.